खाजोटीची जागा

खाजोटीला हात लावायचा तर नीट लावावा, नाहीतर लावूच नये. भीत भीत बोट टेकवलं की ती हमखास चावते, कातडीची आग आग करते. मूठ घट्ट आवळून देठ धरला की तिच्या अंगावरची बारीक लव आडवी होते आणि ती निमूट हातात येते. थोरली हे गेली पस्तीस वर्षं सगळ्यांना सांगत होती आणि स्वतः मात्र दोन्ही हातांत जुने लोकरी मोजे चढवूनच खाजोटी कापत होती. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला येतं म्हणून काय रोज करून दाखवू?"

थोरल्या भावाची बायको म्हणून ती थोरली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी नाव तेच राहिलं. उताराच्या पायथ्याशी, झऱ्याच्या कडेला, दोन घरं बसतील एवढा तुकडा होता आणि त्यावर छातीएवढी खाजोटी माजलेली असायची. बाकीच्यांच्या लेखी ती पडीक जागा. थोरलीचं पोट तिच्यावर होतं. कोवळे शेंडे उकळले की चावणं संपतं, ते ती खायची. बारीक चिरून कोंबड्यांना घालायची. कापून दोन दिवस उन्हात सुकवली की अकरा शेळ्या कोरड्या दिवसांत तीच चघळायच्या. जाड देठ ती हौदात आठवडाभर भिजवायची, साल सोलायची, बडवून धागे मोकळे करायची आणि नडगीवर वळून त्यांची सुतळी करायची. फळबागवाले ती सुतळी मागून न्यायचे, कारण तिने बांधलेल्या रोपाची साल कापत नाही.

आणि गुडघे सुजले की ताजी जुडी घेऊन ती स्वतःच्याच गुडघ्यांवर सपासप मारायची. आधी शिव्या घालायची, मग बसून राहायची, मग उठून कामाला लागायची. सुनेने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सासूचं डोकं फिरलंय असं वाटून ती दारामागे उभी राहिली होती.

भांडण लागलं ते याच तुकड्यावरून. सासऱ्यांनी मरण्याआधी वाटणीचा कागद केला होता. त्यात लिहिलं होतं, जुना गोठा आणि त्याच्या लगतची जागा थोरल्याकडे, बाकी सगळा उतार धाकट्याकडे. इतकी वर्षं कुणी कागद उघडला नव्हता. यंदा धाकट्या दिराने उतारावर फळझाडं लावायची ठरवली आणि त्याला झरा आठवला. झरा आठवल्यावर कागदही आठवला.

"वहिनी, जुना गोठा म्हणजे वरचा," तो झऱ्यापाशी उभा राहून म्हणाला. "तीन भिंतींचे पाये अजून दिसतात. इथे खाली काय आहे? खाजोटी."

"भाऊजी, वरचा गोठा नवा. मी लग्न होऊन आले त्या वर्षी बांधला तो. इथला मोडून इथलेच दगड वर नेले."

"म्हणजे इथे दगड नाहीत."

"भिंतींचा एक नाही."

"मग झालं तर."

"झालं काय? सात वर्षांचे होता तुम्ही. तुमचं नाक मी पुसायचे."

"नाक पुसलं म्हणून जमीन मिळत नसते, वहिनी," धाकटा म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी मोजणीचा अर्ज देऊन आला. धाकटा लबाड नव्हता. हट्टी होता, आणि हट्टी माणसाला स्वतःचं खरं वाटायला फार वेळ लागत नाही.

मोजणी गुरुवारी सकाळी दहाला होती. तुकडा गेला तर चारा गेला, चारा गेला की शेळ्या विकायच्या, आणि शेळ्या गेल्यावर थोरलीला इथे राहायला काही कारणच उरणार नव्हतं. मुलगा लांबच्या शहरात क्रेन चालवायचा. तिथे त्याच्या दोन खोल्या होत्या. तो फोनवर सारखा म्हणायचा, "सोड ना आई, दोघी इकडे या." थोरलीला शहराचं वावडं नव्हतं. पण तिथे सकाळी उठून करायचं काय, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं.

सून आठ महिन्यांपूर्वी आली होती. शहरातल्या शिंप्याची मुलगी. जागा गेली तर तिचं बरंच होईल, नवऱ्याजवळ राहायला मिळेल, असं जो तो म्हणायचा. सून त्यावर काही बोलायची नाही. सासूही काही विचारायची नाही. दोघींत भांडण नव्हतं आणि गप्पाही नव्हत्या. पोटातलं ओठावर येऊ द्यायचं नाही ही थोरलीची जुनी खोड होती. त्या खोडीने तिचं आजवर बरंच नुकसान केलं होतं, पण खोड काही सुटत नव्हती.

मंगळवारी ती सकाळीच निघाली. "उद्या दुपारपर्यंत येते. शेळ्यांकडे बघ," एवढंच सुनेला म्हणाली. कुठे जाते, कशाला जाते, काही नाही.

ती गेली होती गवंड्याकडे. खालचा गोठा मोडून वरचा बांधणारा तोच, आणि जिवंत असलेला साक्षीदारही तोच एक. दोन बस बदलून ती त्याच्या लेकीच्या घरी पोचली. म्हातारा खिडकीशी उन्हात बसला होता. हात अजून मोठे होते, बाकी सगळा आटला होता.

"गोठा? बांधला ना मी," तो म्हणाला.

"कुठला मोडून बांधला, आठवतं का?"

"पुलाजवळचा."

तिकडे पूल कधीच नव्हता. थोरलीने तीन वेळा विचारलं. तीन वेळा त्याने पूल सांगितला, तिसऱ्यांदा तर पुलाच्या कमानीही सांगितल्या. मग तिचा हात धरून विचारलं, "सासरे बरे आहेत ना?" सासऱ्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. "बरे आहेत, तुमची आठवण काढतात," थोरली म्हणाली. लेकीने तिला रात्री ठेवून घेतलं आणि सकाळी बसपर्यंत सोडलं.

परतताना बसमध्ये तिने मनाची समजूत घातली. गवंडी नाही तर नाही, खाजोटी आहे. ही वनस्पती उगाच कुठेही अशी माजत नाही. जिथे वर्षानुवर्षं जनावरांचं शेणमूत जिरलंय तिथेच ती छातीएवढी होते, आणि माणसं, जनावरं निघून गेली तरी ती जागा सोडत नाही. शिवाय या खाजोटीला चारही बाजूंना सरळ कड होती आणि चार काटकोनातले कोपरे होते. रानात आपोआप उगवलेल्या गोष्टीला कोपरे नसतात. मोजणीदाराला डोळे असतील तर त्याला गोठा उभा दिसेल, असं तिने ठरवलं होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

वळणावरून तिला जागा दिसली आणि ती जिथल्या तिथे थांबली. खाली सगळं उघडं, तपकिरी होतं. खाजोटी नव्हती. कापलेल्या देठांचा ढीग एका बाजूला, उपटलेल्या पिवळ्या मुळांचा दुसऱ्या बाजूला. मधे कुदळीला टेकून सून उभी होती. कोपरापर्यंत हात लालभडक, गांध्यांनी भरलेले, एक डोळा सुजून अर्धा मिटलेला, आणि सासूला बघून ती हसत होती.

"झालं सगळं, आई. आता कशी जागा वाटते."

 थोरलीच्या तोंडून शब्द फुटले ते नको ते फुटले.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी नाही."

"भाऊजी आले होते?"

"काका सकाळी आले होते. वर उभे राहून बघत होते. छान काम केलंस म्हणाले."

"म्हणणारच. त्याचं अर्धं काम तू केलंस. तुला शहरात जायचंय ना? तोंडाने सांगायचं होतं, मी अडवलं असतं का? माझ्या मुळावर कुदळ घालायची काय गरज होती?"

सुनेचं हसू गेलं. ती रडली नाही. कुदळ आडवी ठेवून दगडावर बसली आणि हात मांडीवर उताणे ठेवले.

"आमच्या बाबांची बाजारात टपरी होती," ती म्हणाली. "बाबा आजारी पडले, महिनाभर ती बंद होती. दारात कचरा साचला, गवत उगवलं. साहेब आले, बघितलं, म्हणाले, इथे कुणी काही करत नाही, जागा वापरात नाही. आणि दुसऱ्याला देऊन टाकली. बाबांनी कागद दाखवले, पण त्यांनी आधी डोळ्यांनी गवत बघितलं होतं." तिने कुदळीकडे बघितलं. "उद्या मोजणीदार येणार. मला वाटलं, त्याला इथे रान दिसता कामा नये. तुमची जागा आहे हे दिसलं पाहिजे."

थोरली तिच्यासमोर खाली मातीतच बसली. राग जायला तयार नव्हता, पण निघायचं कुणावर हे त्यालाच कळेनासं झालं. खाजोटीचं तिने सुनेला सांगितलं असतं तर ही दोन दिवसांची मेहनत झालीच नसती. दोष कुणाचा ते तिला चांगलं दिसत होतं.

"पाणी लावलंस हाताला?" तिने विचारलं.

"साबणाने धुतले. घासून."

"झालं मग. एकेक कुसळ आत ढकलून बसलीस. ऊठ."

घरात जाऊन तिने ओंजळभर पीठ घेतलं, घट्ट कणीक मळली. तिचा गोळा सुनेच्या हातावर दाबायचा आणि झटकन उचलायचा. पुन्हा दाबायचा, पुन्हा उचलायचा. कणकेला चिकटून कुसळं बाहेर येतात. लोक चुक्याचा पाला चोळतात, राख लावतात, कुणी थुंकीही लावतं, पण थोरलीचा विश्वास कणकेवर होता. सून दात आवळून बसली होती.

"मी तुला नको ते बोलले," थोरली गोळा दाबता दाबता म्हणाली.

"बोललात."

"चुकलं माझं."

"हो," सून म्हणाली. सासूला वाटलं होतं ती 'राहू द्या' म्हणेल. तिने म्हटलं नाही, आणि थोरलीला ते मनातून आवडलं.

मग थोरलीने तिला सगळं सांगितलं. गवंड्याचा पूल, खाजोटीचे कोपरे, शेणमूत, सगळं. आठ महिन्यांत ती इतकं बोलली नव्हती. ऐकताना सुनेचा चेहरा पडत गेला.

"म्हणजे मी गोठाच पुसला."

"पुसलास."

"आणि मुळं काही सहज निघाली नाहीत. कुदळ आतच जाईना. एक वीत गेली की टण्ण. जिथे मारावी तिथे फरशी."

थोरलीचा हात थांबला. "फरशी?"

"दगड. सपाट, एकाला एक लावलेले. एकाला भोक होतं, त्यात मुळी अडकली होती. ओढताना मी पाठीवर पडले."

थोरली सुनेकडे बघत राहिली. भिंती मोडताना ती तिथे होती. दगड वाहणाऱ्या माणसांना तिने पाणी दिलं होतं. पण तेव्हा जमिनीवर घोट्याएवढं शेण साचलेलं होतं आणि त्याखाली काय आहे हे बघायची कुणाला हौस नव्हती. सासरेही काही बोलले नव्हते. न बोलण्याची ती खोड बहुधा घराण्यातच होती.

"चल," ती उठत म्हणाली.

"हात?"

"हातांचं नंतर बघू."

उजेड होता तोवर दोघींनी खणलं, आणि पहाटे दिसायला लागल्यावर पुन्हा सुरुवात केली. वरची माती काळी आणि भुसभुशीत होती, दाबली तर मुठीत राहणारी. सून कुदळ मारायची, थोरली घमेल्याने माती बाहेर टाकायची. गुडघे बोंबलत होते, पण आज मारायला ताजी खाजोटीही नव्हती. सातच्या सुमारास कुदळीचा दांडा मोडला. मग सुनेने पातं हातात धरून खरवडलं आणि थोरलीने खराटा घेतला. नऊपर्यंत दगडांची जमीन उघडी पडली. जनावरांच्या खुरांनी दगडांच्या कडा गुळगुळीत झालेल्या, सगळी जमीन एका बाजूला किंचित उतरती, आणि उताराच्या टोकाला वीतभर रुंदीची दगडी मोरी. दोन दगडांना दावं बांधायची भोकं होती.

मोजणीदार बरोबर दहाला आला. बारीक, सर्दी झालेला माणूस, खांद्यावर तिपाई. त्याच्यामागून धाकटा इस्त्रीचा सदरा घालून उतरला. रिकामी तपकिरी जागा बघायच्या तयारीने आला होता, तो काठावरच थांबला.

"हे काय?" त्याने विचारलं.

"गोठा," सून म्हणाली. तिचे हात अजून सुजलेलेच होते.

"काल तर नव्हता इथे."

"काल वरती माती होती, काका."

"कुणी सांगावं, रात्रीतून बसवले असतील दगड."

मोजणीदाराने नाक पुसलं आणि कडेच्या मातीत बोट घातलं. "दोन बायकांनी? एका रात्रीत?" तो म्हणाला. "हा थर बघा. हे शेण आहे, मुरून माती झालेलं. हे व्हायला उभा जन्म जातो." मग त्याने वही काढली. "पण मी न्यायाधीश नाही. दोन्ही बाजूंनी जुना गोठा हाच म्हटलं तर मी आज खूण टाकून जातो. एकाने नाही म्हटलं तर तसं लिहितो. मग वर सुनावणी. तीन वर्षं, पाच वर्षं, सांगता येत नाही."

पाच वर्षं शेळ्या काही वाट बघणार नव्हत्या. थोरलीला हे कळत होतं आणि धाकट्यालाही. त्याने फक्त 'नाही' म्हणायचं होतं. त्यात खोटंही फारसं नव्हतं, कारण त्याला खरंच काही आठवत नव्हतं.  बोलण्यासारखं थोरली झऱ्यापाशी सगळं बोलून बसली होती.

धाकटा खाली उतरला. नव्या चपला त्याने काठावर काढून ठेवल्या, का ते त्यालाच ठाऊक. दगडांवरून चालत मोरीपाशी गेला आणि उकिडवा बसला. मोरीच्या तोंडाशी एक दगड जरा वर आला होता. त्या दगडाखाली त्याने हात घातला, थेट मनगटापर्यंत. शोधावा लागला नाही. हात आपोआप गेल्यासारखा गेला.



"इथे तुंबायचं," तो म्हणाला. आवाज भलताच बारीक झाला होता. "या दगडापाशी. लेंड्या अडकायच्या. बाबांचा हात आत जात नसे, म्हणून मला घालायला लावायचे. मी रडायचो. वास दिवसभर जायचा नाही हाताचा." त्याने हात बाहेर काढला आणि त्याकडे बघितलं. "बाबा मग मला खांद्यावर घेऊन झऱ्यावर न्यायचे, हात धुवायला. आजवर मला वाटायचं, खांद्यावर बसून जायचो ते वरच्या गोठ्यातून. पण वरून झरा लांब आहे. वरून कुणी खांद्यावर नेत नाही."

 मोजणीदार दुसरीकडे बघून नाक शिंकरत होता.

"लिहा, साहेब," धाकटा उठत म्हणाला. "जुना गोठा हाच. सही कुठे करायची?"

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. लढायला म्हणून ती कंबर कसून उभी होती आणि आता हातांचं काय करायचं तेच तिला सुचेना. तिने खराटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. तिला या माणसाचा अतोनात राग होता आणि आत्ता या क्षणी त्याचं नाक पुसावं असं वाटत होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "झऱ्याच्या पाण्याचं आपण बघू. तुमच्या झाडांना—"

"आज नको, वहिनी." त्याने सदऱ्याला हात पुसले आणि इस्त्री गेली. "पाण्याचं उद्या बोलू. आज मला जरा चिडू दे."

तो चपला हातात घेऊनच चढ चढून गेला. मोजणीदाराने चार खुणा ठोकल्या, चारही सुनेने दाखवलेल्या कोपऱ्यांवर. काल तिनेच ते कोपरे साफ केले होते, त्यामुळे ते कुठे होते हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. जाताना त्याने तिच्या हातांकडे बघून विचारलं, काय लावलंत. कणीक, ती म्हणाली. त्याची आई राख लावायची, असं सांगून तो गेला.

दुपारी मुलाचा फोन आला. काय झालं, काय झालं, असं त्याने चारदा विचारलं. थोरलीने दोन वाक्यांत सांगितलं. मग तो म्हणाला, बरं झालं, पण तरी खोलीचं काम मी काढलंय, निदान हिला तरी महिनाअखेर घेऊन जातो.

 थोरलीला जा म्हणायचं नव्हतं आणि राहा म्हणायचा हक्क वाटत नव्हता. तिने फोन सुनेपुढे धरला. सुनेची बोटं सुजली होती, म्हणून थोरली तो तिच्या कानाशी धरून उभी राहिली.

"पावसाळ्याच्या आधी नाही जमायचं मला," सून म्हणाली. "उपटलेली मुळं पुन्हा लावायची आहेत, कापलेले देठ भिजवून सोलायचे आहेत, आणि सुतळी वळायला मला अजून येत नाही. तूच ये रविवारी." तिने सासूकडे बघितलं. "आणि येताना कुदळीला दांडा आण. जुना आम्ही मोडला."